एकतीस बरे

सुरतेलगतच्या उधन्यात गिरणी कामगारांत दवाखाना थाटून डॉक्टर मुकुंदांना बारा वर्षं झाली, पण सुरतेतल्या बड्या डॉक्टरांनी त्यांना कधी विचारलं नव्हतं. अडुसष्ट साली विचारलं. एका कंपनीने पोटदुखीच्या नव्या गोळ्या त्यांच्याकडे फुकट पाठवल्या होत्या. चाळीस रोग्यांना त्यांनी त्या दिल्या. त्यातले एकतीस पुन्हा फिरकलेच नाहीत. रोगी आला नाही म्हणजे बरा झाला, हा त्यांचा जुना ठोकताळा. त्यांनी कागदावर लिहिलं, 'एकतीस बरे'. कंपनी खूश झाली. डॉक्टरांना नवीन काही शिकायला मिळावं म्हणून सुरतेत दरमहा सभा भरे, तिथे या रविवारी व्याख्यान मुकुंदांचं आणि मागून जेवण कंपनीचं. मुकुंदांचे पाय जमिनीवर नव्हते, आणि का असावेत?

शनिवारी खानदेशातून आलेली सुंदरा नवऱ्याला, धुडकूला, धरून घेऊन आली. धुडकू त्या एकतिसांतला. वाळून काडी झाला होता.

"अरे, तू बरा झाला होतास ना?"

"कसाना बरा, डाक्टरसाहेब!" सुंदरा म्हणाली. "गुण नई उना, मंग आम्ही गावले निंघी गऊत."

"मग मला सांगायला का नाही आलात?"

"फुकटनी गोयी व्हती ना. फुकट देणाराले नाव कसं ठेवानं?"

मुकुंदांनी धुडकूला मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. त्यांना स्वतःची लाज वाटली. व्याख्यान टाळावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

रविवारी पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: चाळीसपैकी एकतीस बरे. शेजारच्या खोलीत घारीची, त्या सुरती मिठाईची, ताटं लागत होती.

"हे बरे झाले की नाही, मला ठाऊक नाही," मुकुंद म्हणाले. "ते परत आले नाहीत, एवढंच खरं. एक काल आला. त्याला गुण नव्हता, पण गोळी फुकट म्हणून तो गप्प राहिला." त्यांनी शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं. "आपलं जेवणही फुकटच आहे. कुणाला काही विचारायचं असेल, तर आधी विचारा, जेवण मागून."

कंपनीचा माणूस पडद्यावरचं चित्र बंद करायला धावला. मग पहिल्या रांगेतले पांढऱ्या केसांचे देसाई डॉक्टर सावकाश उठले.

"मुकुंदभाई, मलाही चाळीस रोग्यांच्या गोळ्या आल्या होत्या. माझे पंचवीस परत आले नाहीत." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मीही बरे लिहिले."