खोटं पॉझिटिव्ह

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण नव्या माणसाला काम शिकवायची वेळ आली की तो त्यांच्याच गळ्यात पडायचा. मास्तर दरवर्षी रक्तदान करत. त्यात समाजसेवेचा भाग थोडा होता. अर्धा दिवस सुट्टी मिळायची आणि आपण अजून धडधाकट आहोत याची फुकटात खात्री पटायची, हा भाग मोठा होता.

या वेळी रक्तपेढीतून फोन आला. समक्ष येऊन भेटा, पत्नीला आणलंत तर उत्तम. त्यांनी आणलं. बायको शाळांचे गणवेश शिवायची आणि त्या दिवशी तिचं मशीन बंद पडलेलं होतं, नाहीतर ती आली नसती.

समुपदेशन करणारी मुलगी नवी असावी. टेबलावरचं पेन दोनदा सरळ करून ती म्हणाली, "काका, तुमची एक तपासणी पॉझिटिव्ह आलीय. गुप्तरोगाची."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"घाबरू नका. ही चाचणी कधीकधी फसते. आम्ही लगेच दुसरी, खात्रीची चाचणी केली, ती निगेटिव्ह आहे. म्हणजे पहिलं फॉल्स पॉझिटिव्ह. खोटं पॉझिटिव्ह."

"खोटं कोण?" बायकोने विचारलं.

"रिपोर्ट."

"रिपोर्टला खोटं बोलून काय मिळणार?"

मुलीने पेन पुन्हा सरळ केलं. अशा खोट्या पॉझिटिव्ह लोकांवर मोठ्या हॉस्पिटलात एक संशोधन चालू आहे, तिथल्या डॉक्टर नीट समजावतील, एवढं तिने सांगितलं आणि नंबर दिला.

घरी येऊन बायकोने अबोला धरला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला, त्यामुळे मास्तरांचा आणखी मळला. तिने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत, मशीनशेजारी नेलं. जेवण वेळेवर मिळायचं. वाढताना ती ताटाकडे बघायची, जेवणाऱ्याकडे नाही.

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एका ट्रेनिंगमध्ये शेजारच्या बाईंनी त्यांना मोबाइलचा चार्जर दिला होता. संसाराच्या सगळ्या वर्षांत त्यापलीकडे काही सापडेना.

शेवटी ते संशोधनवाल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर चाळिशीच्या होत्या, बोलताना घाई करत नव्हत्या.

"मला फक्त लिहून द्या," मास्तर म्हणाले, "की मी तसा नाही."

"ते खात्रीच्या चाचणीने आधीच सांगितलंय."

"ते बायकोला पटत नाही. चाचणी फसली तर का फसली, ते तिला हवंय."

"ते आम्हालाही हवंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्या पहिल्या चाचणीत चरबीसारखा एक पदार्थ वापरतात. काहींच्या रक्तात त्या जातीच्या पदार्थाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात. मग रोग नसताना चाचणी रोग दाखवते. पण त्याच अँटिबॉडींमुळे काहींच्या रक्तात गुठळ्या होतात. त्या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात."

"किती जणांना होतात?"

"तेच शोधतोय. तुम्ही येताय का आमच्यात?"

मास्तर आले. पहिल्या नमुन्यात अँटिबॉडी भरपूर सापडल्या. पण डॉक्टर काही ठरवून सांगायला तयार होईनात. साध्या तापानंतरही त्या वाढतात आणि आपोआप जातात, म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, असा नियम होता. "मधल्या काळात पाय सुजला किंवा धाप लागली तर थांबू नका, सरळ इथे या," त्यांनी बजावलं.

"बारा आठवडे लागतील," मास्तरांनी घरी येऊन सांगितलं.

"लागू देत," बायको शिलाई मशीनला म्हणाली.

दोन महिने असेच गेले. मग मास्तरांची डावी पोटरी दुखू लागली. लिफ्टची मशीनरूम इमारतीच्या डोक्यावर असते आणि लिफ्ट बंद असली की तिथवर जिन्यानेच जावं लागतं, त्यामुळे पोटरी दुखण्यात त्यांना नवल वाटलं नाही. पुढे डावा बूट घट्ट होऊ लागला. डॉक्टरांचं बोलणं त्यांना आठवत होतं. पण धावत जायचं आणि काही निघायचं नाही, म्हणजे घरी आणखी एक खोटं. त्यांनी नाडी सैल बांधली.

एका सकाळी मशीनरूमच्या दारात त्यांना श्वासच पुरेना. सोबतच्या मेकॅनिकने काही न विचारता त्यांना धरून खाली उतरवलं आणि हॉस्पिटलात नेलं. पायात गुठळी झाली होती आणि तिचे तुकडे फुप्फुसापर्यंत पोचले होते.

बायको आली तेव्हा तिच्या बाहीला टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. ऑक्सिजन आणि इंजेक्शनं चालू होती. ती खाटेशेजारी उभी राहिली आणि चादरीखालच्या पायाकडे बघत राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं. अबोला संपला तो असा.

"आठवडा झाला असेल."

"मला दिसत होतं. लंगडत होतात."

"मग विचारलं नाहीस."

"बोलायचं नव्हतं ना."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते रास्त वाटलं. "मीही म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले.

बायको बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन परत आली. नंतर तिने स्टूल ओढून घेतलं आणि चादर बाजूला करून दोन्ही पोटऱ्या डोळ्यांनी मापल्या, गणवेशाचं माप घेताना बघायची तशी.

धोका टळला. ठरल्या वेळी दुसरा नमुना घेतला गेला आणि अँटिबॉडी तितक्याच निघाल्या. डॉक्टरांनी दोघांना बसवून घेतलं आणि जपून बोलायला सुरुवात केली. आजार नक्की झालाय. तो जात नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची घ्यावी लागेल, ती कमी पडते की जास्त होते हे सतत तपासावं लागेल.

"म्हणजे पहिला रिपोर्ट याच्यामुळेच आला?" बायकोने विचारलं.

"हो."

"बाहेरचं काही नाही."

"नाही. सगळं आतलंच आहे."

"बरं झालं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे आणि मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचाही चेहरा उजळला होता. आजार समजलाय ना, असं डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनाही समजला होता. बायकोने तर गोळीची वेळ, चुकली तर काय करायचं, मार लागला तर कुठे यायचं, सगळं म्हणून दाखवलं. त्या संध्याकाळी अंथरूण आत आलं.

आता तपासणीला दोघं मिळून जातात. मागच्या खेपेला संशोधनाच्या खोलीबाहेर एक तरुण जोडपं बसलं होतं. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्या मुलीने आपली पर्स ठेवली होती. मुलगा नखं बघत होता. मास्तरांची बायको थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही बसा इथे," ती मास्तरांना म्हणाली. मग तिकडे जाऊन तिने मुलीला पर्स उचलायला सांगितली आणि मधल्या खुर्चीत बसली.

ती काय बोलत होती ते मास्तरांना ऐकू आलं नाही. मुलगी आधी मान वळवून बसली होती, मग बघू लागली, मग काहीतरी विचारू लागली. मुलाने नखं सोडली. तेवढ्यात नर्सने हाक मारली. मास्तरांनी बायकोला खूण केली, तिने हातानेच तुम्ही व्हा पुढे असं सांगितलं, आणि ते एकटेच आत गेले.