प्रयागबाईच्या मागच्या मिशा

सूर्य उगवायच्या आत दुधात जिलेबी.
उसाला पाणी.
कपाळावर उगाळलेली सुंठ.
डोक्यात गाठ.
पाठीमागं मिशा.

प्रयागबाईचं डोकं आठवडाभर दुखत होतं. गाठच आहे, तिनं ठरवून टाकलं; मोबाइलवर तसा व्हिडिओ आला होता. शेजारची लंकाबाई म्हणाली, अर्धशिशी. जिलेबी लंकाबाईनंच आणली आणि निम्मी तिनंच खाल्ली. नवरा रखमाजी म्हणाला, पित्त. सुंठ त्याची.

शेवटी रानातनं सरळ एसटी धरून दोघं जुन्नरला, डॉक्टर साधनांकडं.

"एकाच बाजूला ठणकतं? उजेड सोसत नाही? मळमळतं?"

"मळमळ जिलेबीनं झाली व्हती. बाकी न्हाई."

अर्धशिशी बाद.

"एकच डोळा लाल होऊन पाणी येतं?"

"दोनी. कांदा चिरताना."

तेही बाद.

"दुखणं एकदम वीज पडल्यासारखं आलं? ताप, मान ताठ, हातापायातली ताकद गेली, बोलताना अडखळता?" यातलं एक जरी असतं, तर आत्ताच्या आत्ता मोठं हॉस्पिटल.

"अडखळली आस्ती तर लई बरं झालं आस्तं," रखमाजी म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा. डॉक्टरीणबाई, गाठ आसंल तर सांगून टाका. म्हशी ह्यांच्या हातात देऊन मी मरायची न्हाई."

"दुखतं कसं?"

"गोल आवळल्यावानी. रानात चढतं, घरी उतरतं."

रानात? साधनांनी सुंठेचा लेप पुसला. खाली रुतलेलं इलॅस्टिक, लाल वळ. वळाच्या मागं मागं त्या कानांवरून गेल्या आणि पदर सारला.

एक मिशावाला त्यांच्याकडं बघून हसत होता.

"बिबट्या मागनं धरतो," प्रयागबाईनं समजावलं. "तोंड दिसलं की येत न्हाई. मुखवटा काढायचा ऱ्हायला वाटतं. तरीच यष्टीत पदर सरला तवा मागल्या पावण्यानं मला राम राम घातला."

"तुम्हाला दिसला नाही?" साधनांनी रखमाजीला विचारलं.

"सवय झाली. हा बोलत न्हाई, म्हणून बरा वाटतो."

मुखवटा उतरला. तिघं चहा प्याली. कप रिकामा होईतो डोकंही उतरलं.

"गाठ न्हाई?"

"नाही. इलॅस्टिक कापा, मुखवटा ह्यांच्या सैल टोपीला शिवा. तरी दुखलं तर परत या."

प्रयागबाई हसत सुटली. हसता हसता तिनं रखमाजीची टोपी काढून घेतली आणि तिथंच डॉक्टरांकडं सुईदोरा मागितला.

जत्रेत मोठ्या मापाचे मुखवटे संपले होते, म्हणून पोरांच्या मापाचा घेतला होता.