वीस मीटरवरचा नंबर

रोलंड प्रॉसरने एकतीस वर्षं इंग्लंडातल्या अर्ध्या श्रॉपशर परगण्याला नापास केलं. गाडी चालवायची परीक्षा घ्यायचा तो. आरशात न बघता वळलात, नापास. फार हळू चालवलीत, तरी नापास. मी त्याची बायको, हेझल. माझी परीक्षा त्याच्या ऑफिसातल्या दुसऱ्या एकाने दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा मला घरी पाठवलं. त्या संध्याकाळी ताटातले मटार काट्याने गोळा करत रोलंड म्हणाला, "हेझल, तुला रस्त्याची नजरच नाही." झालं. त्यानंतर बेचाळीस वर्षं मी डावीकडच्या सीटवर हातात पर्स धरून बसले.

म्हणून या मे महिन्यात तो जेव्हा म्हणाला, "चल, आठवडाभर गावागावांतून भटकू, मोठे रस्ते नकोत, घाई नको," तेव्हा मला खरंच वाटेना. त्याहून नवल पुढे होतं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "पाट्या तू वाच. तुझ्या तोंडून गावांची नावं गोड वाटतात. आणि काय काय दिसतं ते सांगत जा."

मग काय विचारता! चार दिवस माझ्या तोंडाला खळ नव्हता. अपर डिंचली दोन मैल. पुढे पूल आहे, अरुंद. चर्चचा मनोरा जरा कललाय बघ. एका बाईने फाटकावर गालिचा वाळत घातलाय. माझ्या बडबडीला कंटाळून उठून जाणारा माणूस कान देऊन ऐकत होता, "अजून काय?" म्हणून विचारत होता. सांगायची लाज वाटते, पण तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी मी लिपस्टिक लावून जेवायला खाली उतरले. सत्तराव्या वर्षी नवऱ्याला आपण आवडायला लागलो, असं वाटलं मला. मूर्ख बाई.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही एका गल्लीत शिरलो. एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, मधोमध गवत, दोन्ही बाजूंना टपापेक्षा उंच झुडपांची कुंपणं. रस्ता सरळ होता आणि समोरून एक मुलगी घोड्यावरून येत होती. पार लांबून दिसत होती. आता हा वेग कमी करेल, आता करेल, म्हणून मी गप्प बसले. त्याने केला नाही.

"रोलंड, घोडा! अरे घोडा!"

ब्रेक लागला तेव्हा घोडा मागच्या पायांवर उभा होता आणि मुलगी काटेरी कुंपणात पडली होती. सोळाएक वर्षांची असेल. ती उठली, तिने लगाम पकडला, गाल ओरबाडून रक्त आलं होतं. दुसऱ्या हाताचं मनगट पोटाशी धरून ती आमच्या बॉनेटसमोर आली आणि म्हणाली, "सॉरी हं. माझंच चुकलं."

आम्हा इंग्रजांकडे हे असंच. कुणी पायावर पाय दिला, तर ज्याचा पाय चिरडला तो आधी माफी मागतो. मग चिरडणाऱ्यानेही मागायची असते, तेव्हा कुठे फिटंफाट होते. रोलंडने मागितली नाही. त्याने काच खाली केली आणि परीक्षेतला आवाज काढला.

"हे बघ मुली, रस्त्यावर घोडा आणायचा असेल तर भडक पिवळं जाकीट घालावं. लांबून दिसायला नको का?"

मुलीने मान खाली घालून स्वतःकडे बघितलं. तिच्या अंगात गळ्यापासून कमरेपर्यंत भडक पिवळं जाकीट होतं.

"सॉरी," ती पुन्हा म्हणाली. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, मीही हसून तिला सॉरी म्हणाले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्याच गावात चर्चसमोर बागेत टेबलं मांडलेलं चहाचं दुकान होतं. मी "थांब" म्हणाले. चर्चच्या भिंतीशी गाडी लावायला जागा कुठे आहे, तेही मीच सांगितलं. टेबलावर चहा आला, तो ओतायच्या आधीच मी विचारलं.

"डोळ्यांना काय झालंय तुझ्या?"

"कुठे काय?"

"रोलंड!"

तो माझ्या कानाकडे बघत होता. चार दिवस तो बोलताना माझ्या कानाकडेच बघत होता, आणि मला वाटलं होतं, नवीन कुडी आवडली.

"फेब्रुवारीत कळलं," तो हळूच म्हणाला. "मधलं पुसट झालंय. कडेचं दिसतं. आणि तू शेजारी असलीस की जमतं गं."

जमतं! म्हणजे गोड आवाज वगैरे सगळं थोतांड. त्याला ना मी हवी होते, ना माझी सोबत. त्याला दोन डोळे हवे होते, फुकटचे. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"डॉक्टरने गाडी बंद कर म्हणून सांगितलं असेल ना?"

"घरी जाईपर्यंतच गं. साठ मैल. मग देतो की लायसन्स परत. आणि लागलंय का कुणाला? नाही ना?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात बागेची मालकीण आतून आली. दंडाला धरून तिने त्याच मुलीला आणलं होतं. मनगटाला ओला रुमाल गुंडाळलेला.

"हीच ती माणसं ना? माफ करा हं. ही माझी टॅम्सिन. मघाशी तुमच्या गाडीसमोर तडमडली. माग गं माफी."

"मागितली, आई. दोनदा."

"तिसऱ्यांदा माग. घोड्यावर बसली की हिचं ध्यान ढगात. आजपासून घोडा बंद. शनिवारी विकूनच टाकते त्याला. उद्या कुणाच्या काचेवर आपटली म्हणजे?"

मुलीची हनुवटी हलायला लागली.

रोलंडने मोठ्या मनाने मान डोलावली. "जाऊ द्या हो. चुकांतूनच शिकतात पोरं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. चारचौघांत आवाज चढवायचा नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. मी खुर्ची मागे ढकलली. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले.

"उभा राहा, रोलंड. परीक्षेत गाडीला हात लावायच्या आधी काय करायला लावायचास तू लोकांना?"

"हेझल, तमाशा करू नकोस."

"वीस मीटरवरचा नंबर वाचायला लावायचास. चुकला तर तिथूनच घरी! चर्चच्या भिंतीशी ती करडी गाडी आहे. वाच तिचा नंबर."

तो उभा राहिला. कोटाचं बटण लावलं. मान जरा तिरकी केली आणि खणखणीत आवाजात एकेक अक्षर, एकेक आकडा वाचला. न अडखळता.

मालकीण गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "पण... ती तर माझी गाडी आहे. हा नंबर तिचा नाही."

"हा आमचा नंबर," मी म्हणाले. "आमची गाडीही करडीच, पण ती त्या झाडाआड आहे, इथून दिसत नाही. यांना तुमचीच आपली वाटली, म्हणून पाठ असलेलं म्हणून दाखवलं. बाई, तुमच्या मुलीची काडीचीही चूक नाही. घोडा विकू नका. हा आंधळा माणूस चार दिवस गाडी हाकतोय, आणि तुमची मुलगी त्याच्यापुढे सॉरी म्हणून उभी आहे!"

मी टेबलावरची आमच्या गाडीची किल्ली उचलून मालकिणीच्या हातात दिली. तिने ती ॲप्रनच्या खिशात घातली आणि मुलीचा दंड सोडून तिला जवळ घेतलं. "नाही विकत," ती पुटपुटली. "नाही विकत हं, बाळा."

रोलंड अजून उभाच होता. टॅम्सिनने आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"पण मग तिथे तुम्हाला काय दिसलं?"

त्याने हाताने चाचपून खुर्ची शोधली आणि बसला.

"पिवळं," तो म्हणाला. "पिवळं दिसलं मला. पण हेझलने नुकतंच सांगितलं होतं, पुढे मोहरी फुललीय म्हणून. मला वाटलं, मोहरीच."

सांगितलं होतं मी. गल्लीत वळताना, खिडकीबाहेर बोट दाखवून, खुशीत.