ओठ गोल करा, आजोबा

बायको गेल्याचा निरोप आला तेव्हा कवळीवाले एका कवळीला पॉलिश करत होते. मशीनच्या घरघरीत फोन ऐकू आला नाही, म्हणून शेजारीणच दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, वहिनी बस स्टॉपवर चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेलं, पण... गेल्या हो."

कवळीवाल्यांनी मान हलवली. उरलेल्या दाढा घासल्या, कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. दुकानाला कुलूपही रोजच्यासारखंच लावलं. त्याचं त्यांना नवल वाटलं, तेही थोडंसंच.

परदेशातली मुलगी एकटीच आली, राहिली, परत निघाली. दारात बॅग उचलताना म्हणाली, "बाबा, पिल्लूला अजून सांगितलेलं नाही. आजीला बरं नाही, एवढंच बोलून निघाले होते. माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. तुम्ही सांगाल?"

"सांगतो," ते म्हणाले. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

पिल्लू म्हणजे त्यांची सात वर्षांची नात. जावयांची भाषा वेगळी, त्यामुळे त्या घरात सगळा कारभार इंग्रजीत. दर रविवारी ती फोनवर आजी-आजोबांची शाळा घ्यायची. आपला 'व' एक, इंग्रजीत त्याचे दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला शिट्टी मारल्यासारखे ओठ गोल करायचे. आजीला ते चटकन जमलं. कवळीवाल्यांचे दात काही ओठ सोडायला तयार होईनात.

"दिवसभर लोकांची तोंडं दुरुस्त करता," बायको हसायची, "आणि स्वतःचं आहे तसंच!"

रविवार उजाडला. त्यांनी चहा केला, प्यायचा राहिला. इंग्रजीतलं वाक्य मनात जुळवत बसले. 'डेड' हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तो फोनच्या बॅटरीला म्हणतात. बायकोला लावायला जीभ वळेना. आपण 'गेली' म्हणतो, आणि 'गेली'चं इंग्रजी त्यांना येत होतं.

फोन वाजला. पडद्यावर पिल्लूचं नाक आणि अर्धं कपाळ दिसलं.

"पिल्लू," ते म्हणाले, "आजी व्हेंट."

"व्हेंट नाही, आजोबा!" पिल्लू तिच्या इंग्रजीत कडाडली. "व्हेंट म्हणजे हवा यायचं भोक! आजी काय भोक आहे? ओठ गोल करा. शिट्टी. वेंट!"

"व्हेंट."

"दात आत! मला दिसतायत."

त्यांनी दात आत घेतले, ओठांचा चंबू केला. पुन्हा म्हणाले. पुन्हा. चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा वाटत होता. मग एकदा तो शब्द बरोबर निघाला.

"वेंट."

पिल्लूने टाळ्या वाजवल्या. "वा! आता पूर्ण वाक्य. आजी वेंट... कुठे? कुठे ते सांगायला लागतं, आजोबा. नाहीतर वाक्य अर्धं राहतं."

आपल्या भाषेत ते वाक्य अर्धं नव्हतं.

"मार्केटला?" पिल्लूने मदत केली.

काहीतरी बोलायला हवं होतं. "यस," ते म्हणाले.

"पूर्ण म्हणा!"

ते पूर्ण म्हणाले. आजी मार्केटला गेली. उच्चार स्वच्छ होता.

"आली की तिला सांगा, आज तुम्ही पहिले आलात," पिल्लू म्हणाली आणि फोन आईकडे देऊन पळाली.

मुलीने आवाज खाली आणला. "बाबा, सांगितलंत?"

"म्हणालो मी. तिला कळलं नाही."

"म्हणजे?"

"इंग्रजीत 'गेली' एवढ्यावर भागत नाही गं."

तेवढ्यात तिकडे दाराची बेल वाजली, मुलगी "बघते हं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

आजी गेली, हे पिल्लूला सांगायचं अजून राहिलं आहे.