रंगूबाईचे चार सूर

पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत रंगूबाई शाळेची खिचडी शिजवते. वय साठीला टेकलेलं. एका मंगळवारी मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राची माणसं मुलांना वाद्यं दाखवायला शाळेत आली. त्यांच्यात स्नेहल नावाची एक मुलगी होती. तिच्या मांडीवर ट्यूबा होता, म्हणजे वेटोळ्यांचा पितळी कर्णा, इतका मोठा की त्यामागे स्नेहल जेमतेम दिसत होती.

"नुसतं फुंकायचं नाही," ती मुलांना सांगत होती. "ओठ मिटून फुरफुरवायचे."

एकेक करून सगळी पोरं फुंकून गेली. कुणाची नुसतीच हवा गेली, कुणाला हसू आवरेना. भरत गुरुजींनीही जोर लावला. त्यांचा चेहरा जांभळा झाला, पण ट्यूबा काही बोलेना.

रंगूबाई पातेलं घेऊन दारात उभी होती. "नातवाला हसवताना करते तसंच ना गो?" म्हणत तिने तिथल्या तिथे ओठ फुरफुरवून दाखवले. स्नेहलने उठून तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तिला खुर्चीवर बसवलं.

जो आवाज निघाला, त्याने व्हरांड्यातलं कुत्रं उठून पळालं. रंगूबाईने तोंड बाजूला घेऊन विचारलं, "ह्यो माझा?"

"तुमचाच."

मग तिने पुन्हा फुंकलं, आणखी एकदा फुंकलं. खिचडी गार झाली तरी कुणी जागचं हलेना.

शनिवारी दुपारी महाडच्या सभागृहात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. "शेवटची धून वाजेल तेव्हा तुम्ही हाच सूर चार वेळा द्यायचा," स्नेहल म्हणाली. "मी मान हलवली की."

रंगूबाईने मुंबईला मुलाला, हृतिकला फोन लावला.

"ऑर्केस्ट्रात? आये, तू नाचणार हायस?"

"नाय रे. वाजवणार हाय."

मग हृतिकने ही बातमी वाडीच्या ग्रुपवर टाकली, आणि शनिवारी दोन टेम्पो भरून माणसं आणि शाळेची पोरं महाडला निघाली. रंगूबाईचा नवरा भागोजी फेटा बांधून ड्रायव्हरशेजारी बसला.

रंगूबाईसाठी स्नेहलने एक जुना ट्यूबा आणला होता. पहिले तीन सूर अगदी वेळेवर पडले. चौथ्याला स्नेहलने मान हलवली आणि त्याच क्षणी रंगूबाईचं लक्ष पहिल्या रांगेत गेलं. भागोजी बसल्या जागी, पुढे उभ्या संचालकांसारखे दोन्ही हात हलवत सगळा ऑर्केस्ट्रा चालवत होता आणि फेटा घसरून त्याच्या डोळ्यांवर आला होता.

तिला हसू फुटलं. हसणारे ओठ मिटेनात. संचालक हात वर धरून थांबले. आधी बासरीवाली हसली, मग तिच्या शेजारचा, मग अख्खी रांग. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून शाळेच्या पोरांनी तोच सूर तोंडाने लावला. सगळं सभागृह त्यात मिसळलं. रंगूबाईने डोळे पुसले, छाती भरून घेतली आणि फुंकलं. संचालकांचा हात खाली आला, बाकीची वाद्यं थांबली, टाळ्या सुरू झाल्या, तरी तिचा सूर चालूच होता.

"पुढच्या महिन्यात मुंबईला याल?" स्नेहलने विचारलं.

"भातकापणी हाय गो. ती उरकली की कळवते."

जुना ट्यूबा वर्षभरासाठी शाळेला मिळाला. परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळ्यांना तो एकदा तरी वाजवून बघायचा होता आणि रंगूबाई एकेकाला शिकवत होती. पोलादपूर सोडताना एकदाचा भागोजीचा सूर लागला. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने काय येतंय ते न कळून गाडी पार कडेला घेतली आणि टेम्पोला आदराने वाट दिली.