ढब्बूच्या गळ्यातली बादली

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे. मात्र माझ्यात पाणी भरायला जाऊ नका. मला बूड नाही. एका बाजूने मी वरपासून खालपर्यंत चिरलेली आहे आणि त्या चिरेच्या दोन्ही काठांवर नाडी ओवण्यासाठी भोके पाडलेली आहेत. न्हाणीघराच्या दाराबाहेर एका खिळ्याला मी टांगलेली असते. "ही फुटकी बादली अजून कशाला ठेवलीय?" असे कोणी विचारले की घरातले वृद्ध मास्तर उगाचच चष्मा पुसू लागतात, आणि मलाही कुठेतरी तोंड लपवावेसे वाटते. असे का होते, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले गेले, साचा उघडला आणि मी गरमागरम बाहेर पडले. पुढे दुकानात बहिणींबरोबर एकीत एक बसून राहिले. मास्तरांनी मला विकत घेण्यापूर्वी पालथी घालून टिचकी मारली, काठावरून बोट फिरवले, कडीला हिसका दिला आणि मगच मान डोलावली. हे मास्तर तंत्रशाळेत फिटरकाम शिकवीत. विद्यार्थ्याने कानशीने घासलेला लोखंडी तुकडा पुढे केला की ते त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडासमोर धरीत. गुण्या आणि तुकडा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की तुकडा परत! मुले त्यांना पाठीमागे 'काटकोन सर' म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

अशा माणसाच्या पसंतीस उतरणे हा मी माझा मान समजत असे. पुष्कळ वर्षे मी अंघोळीचे पाणी दिले. कडी तुटल्यावर फरशी पुसायच्या कामाला लागले. बुडाला तडा गेला तेव्हा माळ्यावर गेले, आणि तिथे धूळ खात पडल्यावर कोणाला माझी आठवण राहिली नाही.

त्या घरी मास्तर, त्यांची सून आणि ढब्बू नावाचा कुत्रा राहत. मास्तरांचा मुलगा कामानिमित्त परगावी असे. ढब्बू नावाला शोभेल असा गुटगुटीत होता. एकदा जिना उतरताना तो घसरला आणि त्याच्या मागच्या पायाचा गुडघा कामातून गेला. शस्त्रक्रिया करावी लागली. टाके घातलेला, एका बाजूचे केस भादरलेला ढब्बू घरी निघाला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाईंनी बजावले, "टाके चाटू द्यायचे नाहीत, उडी मारू द्यायची नाही, आणि पाणी भरपूर पाजायचं." टाक्यांपर्यंत तोंड पोचू नये म्हणून गळ्यात घालायची मऊ कापडी झालर दवाखान्यात मिळत होती. सूनबाईने ती घ्यायला हात पुढे केला.

"ठेव ते झबलं," मास्तर म्हणाले. "मी घरी करतो. मापात."

आणि मला माळ्यावरून उतरवण्यात आले.

मास्तरांनी ढब्बूला पोटाखाली टॉवेलचा आधार देऊन सरळ उभा केला. मानेचा घेर मोजला, मानेपासून नाकापर्यंतचे अंतर मोजले. मग माझे फुटके बूड कापून काढले, बाजूला चीर दिली, भोके पाडली, कापलेले काठ कानशीने घासून गुळगुळीत केले. माझे अरुंद टोक ढब्बूच्या मानेला आणि रुंद तोंड त्याच्या नाकापुढे आले. जीभ टाक्यांपर्यंत पोचणे शक्यच नव्हते.

बाकीची व्यवस्थाही नमुनेदार होती. गुळगुळीत फरशीवर पाय सरकू नये म्हणून रबरी चटया अंथरल्या, जिन्याच्या तोंडाशी फळी लावली, वाऱ्याचा झोत येणार नाही अशा कोपऱ्यात गादी घातली आणि तिच्याशेजारी पाण्याचे मोठे पसरट भांडे ठेवले. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माणसांच्या दवाखान्यातही इतकी बडदास्त नसते हो!" ते ऐकून मी फुगून गेले. माळ्यावरची फुटकी बादली, आणि केवढी मोठी कामगिरी!

पण ढब्बूला मी नकोशी होते. दारातून जाताना मी चौकटीवर आपटे आणि तो दचकून मागे सरे. गादीवर आडवा झाला की माझा ताठ काठ खाली रुते आणि त्याची मान अर्धवट उचललेली राही. झोप लागते न लागते तोच तो कण्हत जागा होई. पाण्याशी गेला की माझी कड फरशीला टेके आणि जीभ नुसती हवेत लपलपे. मला सगळे कळत होते. पण बादलीला बोलता येत नाही, आणि कुत्र्यालाही.

सूनबाई बोलत होती. "बाबा, तो पाणी पीत नाहीये बहुतेक."

"पितो. भांडं बघ की, कायम भरलेलं असतं."

"आणि झोपतही नाही धड."

"सवय होईल. डॉक्टरांनी सांगितलंय, चाटू द्यायचं नाही. आता काढायची नाही म्हणजे नाही!"

ढब्बू दिवसेंदिवस मलूल होत चालला. मास्तर म्हणत, औषधांची सुस्ती आहे. एका दुपारी ते जेवून झोपले असताना सूनबाईला राहवले नाही. तिने हळूच माझी नाडी सोडली. ढब्बू भांड्यावर असा काही तुटून पडला, की पाणी संपल्यावरही तो तळ चाटत राहिला. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू चालल्याचा वास आला म्हणून ती धावली. गॅस बंद करून ती परतेपर्यंत ढब्बूने दातांनी टाका ओढला होता. गादीवर रक्त पसरले होते.

तिच्या किंकाळीने मास्तर जागे झाले. "कोणी काढली बादली?"

"मी काढली, बाबा."

"शिकलेली बाई तू! एवढं एक साधं काम सांभाळता येऊ नये?"

आपल्या हातून घडले, या विचाराने तिची मान वर होईना. मी फरशीवर आडवी पडले होते. खरे कारण मी आहे, हे ओरडून सांगावेसे वाटत होते.

मला पुन्हा गळ्यात बांधून ढब्बूला दवाखान्यात नेले; तिथे मला सोडून बाजूला ठेवले आणि डॉक्टरबाईंनी टाका पुन्हा घातला. मग त्यांनी ढब्बूच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर बसेना. हिरड्यांना बोट लावले. त्या कोरड्या होत्या.

"पाणी पितो का हा?"

"भांडं सदैव भरलेलं असतं," मास्तर ठासून म्हणाले. "मी स्वतः लक्ष ठेवतो. केव्हाही बघा, काठोकाठ!"

डॉक्टरबाईंनी हातातले काम थांबवून वर पाहिले. "काठोकाठ असतं, म्हणजे तो पीत नाहीये, काका."

सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली, "तोंडच पोचत नाही त्याचं. बादलीची कड आधी टेकते. म्हणून मी थोडा वेळ काढली होती."

मास्तरांनी माझ्या काठाकडे पाहिले. गुण्यामागून उजेडाची रेघ दिसल्यावर विद्यार्थ्याच्या तुकड्याकडे ते जसे पाहत, अगदी तसे. पण या वेळी तुकडा त्यांचा होता. त्यांचे कान लाल झाले. डॉक्टरबाईंनी ढब्बूला सलाईन लावले, तेवढा सगळा वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर सूनबाई आतल्या खोलीत ढब्बूला मांडीवर घेऊन बसली. मास्तरांनी मला उचलले, दार लोटले आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर कष्टाने गुडघे टेकले. मग त्यांनी मला आपल्याच तोंडाभोवती धरले, गळ्याशी नाडी आवळली आणि पाण्याच्या भांड्यावर वाकले. माझी कड फरशीवर खट्‌कन आपटली. त्यांनी मान तिरकी केली, ओठ पुढे काढले, पुन्हा वाकले. पुन्हा खट्‌! मग ते ढब्बूच्या गादीवर आडवे झाले. माझा काठ रुतला आणि त्यांची मान अधांतरी राहिली. त्यांचा श्वास माझ्या आत घुमत होता. त्या क्षणी मी शरमेने वितळले असते, तर बरे झाले असते.

दार उघडले. "बाबा! हे काय करताय?"

"पाणी पितोय," माझ्या आतून घोगरा आवाज आला. "पिता येत नाही."

सूनबाई जवळ येऊन बसली.

"पोरी, मी माप उभ्याचं घेतलं," मास्तर म्हणाले. "आजारी जीव काय उभा असतो? आणि तू सांगत होतीस, तर भांडं दाखवत बसलो. चूक माझी, आणि ओरडलो तुझ्यावर. मला... उठव जरा. गुडघे साथ देत नाहीत."

"आधी बादली काढू का?" तिने डोळे पुसत विचारले. "की काढायची नाही म्हणजे नाही?"

"काढ बाई, काढ!"

त्या रडतरडत हसण्याच्या आवाजाने आतून ढब्बूने शेपटी आपटली.

मग मास्तरांनी करवत घेतली आणि पहिल्यांदाच दुसऱ्याला विचारले, "कुठे कापू, तू सांग." हनुवटीखालचा काठ थोडा उतरवला, उरलेल्या काठाला जुन्या चादरीची जाड गुंडाळी शिवली. झोपताना मानेखाली उशी आली. पसरट भांडे जाऊन माझ्या तोंडात सहज मावेल असा अरुंद वाडगा पाटावर बसला. टाके सुरक्षित राहिले, आणि ढब्बू त्याच गादीवर घोरू लागला. भांडे रिकामे दिसले की आता मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते.

ढब्बू आज लंगडत का होईना, अंगणभर फिरतो. माझ्या खिळ्याजवळून मात्र तो अंग चोरून जातो. मला त्याचे वाईट वाटते, पण राग येत नाही.

मित्रांनो, आजाऱ्यासाठी तुम्ही काही केलेत, तर ते किती छान झाले हे त्या वस्तूकडे बघून ठरवू नका. ते ज्याच्या गळ्यात आहे, त्याच्या शेजारी जाऊन क्षणभर आडवे व्हा.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांच्या कुत्रीच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे. "मास्तर, तुमची ती बादली द्याल? माप घ्यायला आत्ताच येता का?"

मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले आणि चष्मा पुसला.

"तिला आधी निवांत झोपू द्या," ते म्हणाले. "मग येतो. आणि सूनबाईलाही आणतो."