मागच्या बाजूचं पाणी

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट शांतपणे सांगावी असा रिवाज आहे, तो मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्याकडे बघून अख्खा तालुका हसला आणि रडला, त्याला आज शेंगांच्या पोत्यांवर टाकून दिलं, तर त्याने शांत का राहावं? आणि माझा राग नुसता माझ्यासाठी नाही. तो कशाचा आहे, ते नीट ऐका.

मी मुळात कापूस. जामनेरच्या काळ्या रानात माझी बोंडं फुटली, जळगावच्या गिरणीत मी विणला गेलो आणि नशिराबादच्या तोताराम शिंप्याने माझे पन्हे एकमेकांना जोडले. शिवण अशी बारीक घातली की दिव्याच्या झोतातही ती दिसू नये. काम संपल्यावर तो मला म्हणाला, "तुझ्यावर राजे येतीन नि जातीन. तू फक्त पांढरा राह्य."

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा मी रुपचंदशेठांच्या फिरत्या सिनेमात दाखल झालो. दिवाळीनंतर आमचा तंबू निघे. आधी जामनेर, मग नशिराबाद, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी यावल. तिथे केळीच्या बागांना लागून मोकळं रान होतं, त्यात आमचा मुक्काम पडे.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण ती कळली नाही तर माझा रागही कळणार नाही. पडद्याला दोन बाजू असतात. समोरून यंत्र उजेड टाकतं. कापड कोरडं असलं, तर चित्र समोरच्यांनाच चांगलं दिसतं. तेच कापड ओलं केलं की उजेड आरपार जातो आणि मागे बसलेल्यांनाही चित्र दिसतं. मात्र आरशात दिसावं तसं, उलटं. म्हणून आमच्या तंबूत पुढे बाकं होती आणि मागे उघड्या आभाळाखाली नुसती जमीन होती. पुढे गुरुजी, दुकानदार, बागाईतदार आणि त्यांच्या घरची माणसं बसत. मागे बसत केळीच्या बागेत राबणाऱ्या बाया आणि त्यांची मुलं. मागचं तिकीट स्वस्त होतं, पण विहिरीवरून घागरी आणून मला भिजवायचं काम त्या बायांचंच होतं.

मुख्य बोलपटाच्या आधी एक लहानसं चितारलेलं चित्र लागे. पुढचे लोक त्याला कार्टून म्हणत, मागच्या बाया 'चितरांचा खेळ' म्हणत. मित्रांनो, अशा खेळासाठी कुणीतरी हजारो चित्रं हाताने काढलेली असतात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा किंचित वेगळं. ती भराभर पुढे सरकली की कागदावरचा बेडूक उडी मारतो. यात बोलणं थोडं आणि करणं फार. म्हणून मागच्यांना हा खेळ मुख्य बोलपटापेक्षाही आवडे. उलटा दिसला म्हणून बेडूक काही उडी मारायचा थांबत नाही.

एका वर्षी धुळ्याच्या साप्ताहिकात बातमी आली. मुंबईचं एक मंडळ वर्षभरातल्या चितारलेल्या चित्रांमधून आधी तीन नावं पुढे काढणार होतं, आणि मग त्या तिघांतून एकाला ढाल देणार होतं. झालं! रुपचंदशेठांनी तंबूच्या दाराशी पत्र्याची पेटी टांगली. जो ती तीन नावं आधीच बरोबर सांगेल, त्याने घरच्यांसकट हंगामभर पहिल्या बाकावर बसावं, असं त्यांनी जाहीर केलं.

सारं यावल अंदाज करू लागलं. 'आगीनगाडी आणि बेडूक' येणार, यात कुणाला शंका नव्हती. 'चिमणीचं जातं' येईल, असंही बहुतेक म्हणत. तिसऱ्या नावावरून मात्र भांडणं लागली. शाळेतले चुडामण गुरुजी म्हणत, "तिसरी 'सशाची शाळा'. बोध आहे तिच्यात. मंडळाला बोध लागतो."

मागच्या बाजूला धुरपदाबाई बसे. तिची मुलगी कुंदा तिसरीत होती. चित्राचं नाव मागून उलटं दिसे, तरी कुंदा ते घडाघडा वाचून साऱ्या बायांना सांगे. उलटी अक्षरं वाचायला ती माझ्यामुळेच शिकली, याचा मला अभिमान आहे. कुंदाचं तिसरं नाव होतं 'लंगडा ढग'. एक ढग लंगडत असतो, म्हणून बाकीच्या ढगांच्या मागे पडतो, आणि ज्या शेतावर कुणीच बरसलं नाही ते शेत त्याला सापडतं, अशी त्याची गोष्ट होती.

"माय, आपण जिकलो तं तू पुढं बसशीन," कुंदा म्हणाली.

"बसीन की. एकडाव तं सुलट पाहू दे मले. हे माणसं सारे डावरेच दिसतात वं!" धुरपदाबाई म्हणाली, आणि बाया खो खो हसल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी चिठ्ठी घेऊन पेटीपाशी गेल्या. दारावरच्या जीवरामने आडवा हात धरला.

"हे पेटी पुढच्यायची आहे."

"काबरं? आम्ही काय फुकट पाह्यतो?"

आवाज ऐकून रुपचंदशेठ आले. ते मनाने वाईट नव्हते, पण त्यांना घाई फार. ते हसतच म्हणाले, "अहो बाई, तुम्ही सगळं उलटं पाहता. उलटं पाहिलेल्याचा अंदाज काय घ्यायचा? चिठ्ठ्यांचा नुसता घोळ होईल."

"शेठ, ढग डाव्या पायानं लंगडला काय नि उजव्या पायानं लंगडला काय, लंगडला तं खरा ना?"

बाकांवरचे लोक हसले. शेठही हसले. पण चिठ्ठी कुणी घेतली नाही. कुंदाने ती मुठीत चुरगळली आणि आईच्या मागे मागे माझ्या मागच्या बाजूला जाऊन बसली.

मित्रांनो, त्या क्षणी माझा धागा न् धागा ताठ झाला. जो उजेड पुढे पडतो, तोच माझ्या अंगातून मागे जातो. दुसरा उजेड कुठून आणू? एकच चित्र दोघांनी पाहायचं, आणि 'तुला काय वाटतं' हे मात्र एकालाच विचारायचं! मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

मला तोंड नव्हतं. पण दुसऱ्या संध्याकाळी मला वारा मिळाला.

खेळाची वेळ झाली. सातपुड्याकडून कोरडा, गरम वारा सुटला होता. मागच्या बाया आल्या आणि घागरी पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या. मला कुणीच भिजवलं नाही. समोर यंत्र सुरू झालं, माझ्यावर बेडूक उमटला, आणि मी जो फुगलो! ओला असताना मी जड होऊन सरळ लोंबत असे. त्या पाण्यानेच पुढच्यांना चित्र स्थिर दिसतं, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता बेडकाचं तोंड पसरून हत्तीएवढं झालं, आगीनगाडी मधोमध मोडली. मी फडफडलो, आपटलो. खरं सांगतो, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"अरे, पडदा धरा!" "पैसे परत द्या!" पुढे एकच गिल्ला झाला. चुडामण गुरुजींची टोपी पडली. शेठ धावत मागे आले.

"काय करू राह्यल्या तुम्ही? पाणी कुठंय?"

धुरपदाबाई जागची हलली नाही. "शेठ, आमचा अंदाज उलटा. मंग आमचं पाणी सुलट कसं?"

पुढून शिट्ट्या ऐकू येत होत्या. शेठांनी घाम पुसला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पालथ्या घागरींकडे पाहिलं. मग ओरडले, "जीवराम! पेटी आण इकडे!"

जीवरामने पेटी आणली. कुंदाने चुरगळलेली चिठ्ठी मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केली आणि पेटीत टाकली. तिच्यामागून भिकुबाईने टाकली, मग वच्छलाबाईने. लिहिता न येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या कुंदानेच लिहून दिल्या. पेटी भरल्यावर धुरपदाबाई उठली. "चला वं, भिजवा त्याले. तापला आहे बिचारा."

होळीनंतर मंडळाची नावं छापून आली. आगीनगाडी होती, चिमणीचं जातं होतं, आणि तिसरं होतं 'कोळ्याचं घर'. ते यावलमध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"चुकलीस ना?" शेठांनी कुंदाला विचारलं.

"चुकली. गुरुजी बी चुकले," ती म्हणाली. "आमी दोघंबी एकसारखे चुकलो." आणि ती अशी ऐटीत निघून गेली, जणू पहिलं बाक तिनेच जिंकलं असावं.

पहिलं बाक कुणालाच मिळालं नाही. धुरपदाबाईने सिनेमा सुलट असा कधी पाहिला नाही, आणि याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण त्यानंतर जितके हंगाम आम्ही यावलला गेलो, तितके हंगाम पेटी आधी मागे फिरे आणि मग पुढे.

आता यावलला पक्कं थेटर झालं आहे. तिथे चुन्याची पांढरीशुभ्र भिंत हाच पडदा. वारा आला तरी हलत नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. का हलेल? तिला पाणी लागत नाही. भिंतीला मागची बाजूच नसते. आणि मागच्या बायांना परवडेल असं तिकीट त्या थेटरात नाही. त्या आता कुठे बसतात, हे कुणी विचारलं आहे का? मला इथे नशिराबादच्या गोदामात उंदीर कुरतडतात, ते मी सोसेन. हे सोसवत नाही.

मित्रांनो, मला धुऊन, घडी घालून ठेवलंत तर मी तुमचे उपकार मानीन. पण ते नाही केलंत तरी चालेल. एवढं मात्र करा. शाळेत, गावात, घरात, जिथे कुठे 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारायला पेटी ठेवाल, तिथे ती टांगण्याआधी पडद्याच्या मागे जाऊन या. तिथे कुणीतरी घागर घेऊन उभं असेल. त्याचं पाणी घेता ना? मग त्याची चिठ्ठीही घ्या. ती चुकीची निघाली तरी घ्या. चुकायला पुढच्यांनाच तेवढी परवानगी आहे की काय?